सोडा म्हणालो आणि गाडी सुटली

आमच्याकडे पाहुणे जमले, जेवणं उरकली आणि पानाचं तबक फिरायला लागलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "ती गाडीची गोष्ट होऊन जाऊ द्या." माझी ना नसतेच. अडचण एवढीच की मी तोंड उघडलं की स्वयंपाकघरातून दुरुस्त्या येतात. "तसं नव्हतं ते." "आधी ते म्हणाले, मग तुम्ही." म्हणून या खेपेला लिहून काढतो आहे. लिहिताना मध्ये कुणी बोलत नाही.

मी जन्माचा सातारकर, भर पेठेतला. बैलाशी माझा संबंध बेंदराच्या सणाला पुरणपोळी खाण्यापुरता. अशा माणसाला ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडल्या पडल्या पलूसच्या अलीकडच्या एका गावात मास्तर म्हणून धाडलं. लढाईचे दिवस. गावातली निम्मी तरणी माणसं पलटणीत, उरलेली उसात. गावातल्या एकुलत्या एका शाळेचा मी एकटाच मास्तर. शाळा म्हणजे गावाबाहेरच्या चढावरची जुनी धर्मशाळा. दारातून निघालेली वाट नीट खाली ओढ्यापर्यंत उतरत गेलेली. या उतारावर लक्ष ठेवा, पुढं तो कामाला येणार आहे. मी मात्र तेव्हा त्याच्याकडे फक्त वारा चांगला येतो म्हणून बघत असे.

आता मूळ मुद्दा. आमचं गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, आणि सांगली म्हणजे वेगळं संस्थान. त्या सांगलीत माझी मावशी राहायची. तिनं माझ्यासाठी एक स्थळ काढलं होतं. हळदीच्या एका अडत्याची मुलगी, मराठी सातवी झालेली. मी तिला एकदाच पाहिलं होतं, मावशीच्या दारात. ती कसलंसं पातेलं परत द्यायला आली होती आणि मी आत शिरत होतो. ती म्हणाली, "पाय उचला, रांगोळीवर हाय." या एवढ्या संभाषणावर मी पुढचे कित्येक दिवस तरंगत होतो. लग्न करीन तर हिच्याशीच, असं मनाशी ठरवून टाकलं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं ही गोष्ट वेगळी.

अडचण तिच्या वडलांची. मावशीनं निरोप धाडला होता, तो असा: "ते म्हणतात, मास्तर म्हंजे खुर्चीत बसून छडी हलवणारा माणूस. असला जावई घेऊन मी काय करू? तरी एकदा बघतो म्हणालेत. दोन स्थळं त्यांनी आधीच परत धाडली आहेत. तेव्हा जरा नीट राहा."

नीट राहायचं म्हणजे काय करायचं, ते मावशीनं कळवलं नव्हतं. मी आपला नीट शिकवायला लागलो.

त्या वेळी बिगरीच्या आणि पहिलीच्या पोरांना मी वस्तू कशा हलतात, कशा थांबतात, हे शिकवत होतो. ट्रेनिंगमध्ये याला वस्तुपाठ म्हणत. वस्तू समोर ठेवायची आणि पोरांच्या तोंडून उत्तर काढायचं. पहिल्या दिवशी मी रबरी चेंडू फरशीवर लोटला. तो गडगडत गेला आणि भिंतीच्या अलीकडे थांबला.

"चेंडू का थांबला?" मी विचारलं.

पहिल्या रांगेत एक बारकी पोर बसायची. परकराचा ओचा कायम दातात. तिनं तो दातातून काढला आणि म्हणाली, "दमला."

सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. उत्तर सर्वमान्य होतं.

"चेंडू दमत नाही," मी म्हणालो.

"मग बसला का?"

याला ट्रेनिंग कॉलेजात उत्तर होतं. घर्षण. पण त्या पोरीच्या डोळ्यांकडे बघून तो शब्द माझ्या तोंडातून बाहेर येईना. मी म्हणालो, "चला बाहेर." चेंडू धुळीत लोटला, गवतात लोटला, ओढ्याच्या वाळूत लोटला. वाळूत तर तो हातभरही गेला नाही. दोन-तीन दिवस आमचा हाच उद्योग. गुरं राखणारे थांबून बघायचे आणि एकमेकांना म्हणायचे, "मास्तरला चेंडूचं याड लागलंय." शेवटी ती पोरगीच म्हणाली, "गुर्जी, चेंडू दमत न्हाई. जिमीन धरतीया त्येला. वाळू लय घट धरती, फरशी सैल धरती."

माझा शब्द मी खिशातच ठेवला. तिचा जास्त चांगला होता.

मग ढकलणं आणि ओढणं झालं. धर्मशाळेचं दार आतून ओढायचं, बाहेरून ढकलायचं. कुणी ओढायचं यावरून रोज मारामाऱ्या. घागर, पाटा, माझी ट्रंक, सगळं ढकलून झालं. आणि मग मला वाटलं, आता मोठी वस्तू पाहिजे. मास्तर चांगला चालला आहे असं त्याला स्वतःलाच वाटायला लागलं की त्याला मोठी वस्तू लागते.

गावात एक म्हातारे हवालदार होते. पहिल्या लढाईत तिकडं इराकात, बसऱ्याला जाऊन आलेले. त्यांच्याकडे मी बैलगाडी मागितली.

"गाडी न्या की," ते म्हणाले. "बैल मातुर द्यायचा न्हाई. शाळंत गेला म्हंजे कामाचा राहत न्हाई त्यो."

"बैल नकोच आहेत. पोरं ढकलणार."

"आन् तुमी काय करनार?"

"मी शिकवणार."

हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला. "बसऱ्यात आमचा एक सायेब हुता," ते म्हणाले, "त्योबी असाच बोलायचा." पुढं त्या साहेबाचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धर्मशाळेसमोर उभी. बैल नसले की गाडीचं जू जमिनीला टेकतं. म्हणून थोराड अशी चार पोरं जू उचलून धरायला पुढं लावली आणि बाकीची मागं ढकलायला. आधी दोघांनी ढकललं. गाडी हलली नाही. मग दोनाची चार, चाराची आठ करत गेलो. आठांनी रेटली तशी चाकं कुरकुरली आणि गाडी चार बोटं पुढं सरकली. पोरांनी आरोळी ठोकली. इथं मी थांबलो असतो तर पाठ उत्तम झाला होता.

पण मला वाटलं, ओझं वाढलं की जोरही जास्त लागतो, हे दाखवायचं राहिलं. ओझं म्हणून काय ठेवावं? आजूबाजूला बघितलं. माझ्याइतकं सोयीचं काही दिसेना. मी धोतर सावरून गाडीत चढलो आणि ढकलणाऱ्या पोरांशी बोलता यावं म्हणून अगदी मागच्या कडेला पाय सोडून बसलो.

"गुर्जी, फुडं सरा," पोरं ओरडली. "उलाळ हुतीया!"

गाडीत मागं वजन जास्त झालं की तिचं पुढचं तोंड वर उचलतं, त्याला तिकडं उलाळ म्हणतात, हे मला त्या दिवशी समजलं. समजलं म्हणजे असं, की मी "मध्ये बोलायचं नाही" म्हणून बोट उगारलं आणि त्याच क्षणी माझी पाठ जमिनीच्या दिशेनं निघाली. पुढं जू आभाळाकडे गेलं आणि त्याला धरलेली चारी पोरं हवेत लोंबकळायला लागली. एकानंही हात सोडला नाही. उलट एकजण खुशीत म्हणाला, "गुर्जी, आनी येकदा!"

मी सरपटत पुढं आलो. पोरं जमिनीवर उतरली. मग थोडं मागं, थोडं पुढं करत मी बरोबर मध्यावर बसलो. आता गाडी तराजूसारखी तोलून उभी राहिली. जू धरणाऱ्यांना ते एका बोटानंही पेललं असतं. मला स्वतःचाच अभिमान वाटला.

"आता लावा जोर!" मी म्हणालो.

त्यांनी लावला. या खेपेला वेळ लागला, ओझं होतं ना. पण एकदा चाक फिरलं तसं फिरतच गेलं. धर्मशाळेची भिंत मागं पडली. मला पुढचा मुद्दा सुचला. वस्तू एकदा चालती झाली की जोर काढून घेतला तरी ती लगेच थांबत नाही. चेंडूवर हे झालंच होतं, आता गाडीवर दाखवू.

"आता सोडा!" मी म्हणालो.

मी ढकलणाऱ्यांना म्हणालो होतो. पण वर्गाला सांगितलेलं सगळ्यांनी ऐकायचं, हे मीच शिकवलं होतं. मागच्यांनी सोडलं. पुढच्यांनी जू सोडलं आणि शहाण्यासारखी बाजूला उड्या मारली. जू खाली पडून जमिनीत रुतायला हवं होतं. ते पडलं नाही, कारण मध्यावर मी बसलो होतो, तराजूसारखा. आणि वाटेचा उतार नेमका तिथंच सुरू होत होता.

गाडी निघाली.

पहिले काही हात मला बरं वाटलं. मुद्दा सिद्ध होत होता. मागं वळून बघितलं तर पोरं रांगेनं उभी राहून मन लावून बघत होती. गाडी कुठं थांबते ते बघायला मीच तर शिकवलं होतं. मग चाकांचा आवाज बदलला. तशी पोरंही पळत सुटली.

"गुर्जी, मागं सरा! मागं सरा!"

"मघाशी पुढं सरा म्हणत होता!" मी ओरडलो.

"आता मागं! बूड घासंल आन् थांबंल!"

शंभर टक्के बरोबर सांगत होती पोरं. मागं सरलो असतो तर गाडीचं मागलं टोक जमिनीला घासलं असतं आणि जमिनीनं गाडीला धरलं असतं. पण माझी तयारी आता कुठल्याच बाजूला सरायची नव्हती. मी दोन्ही हातांनी गाडीच्या कडा धरल्या आणि डोळे मिटून घेतले.

डोळे मिटण्याआधी एवढं दिसलं, की ओढ्याकडून एक गृहस्थ चढ चढून येतो आहे. काळा कोट, डोक्याला पटका, हातात छत्री. मग नुसते आवाज. कुणीतरी कुणाला तरी शिवी दिली. धप्पकन काहीतरी पडलं. गाडी एका बाजूला कचकन अडली, गर्रकन फिरली आणि मी हवेतून जाऊन वाटेकडेच्या पाचटाच्या ढिगात डोक्यावर पडलो. उसाचं वाळकं पाचट अंगाला कापतं, पण हाड मोडत नाही. देवानं मास्तरांसाठीच केलं असावं.

डोळे उघडले तेव्हा गाडी वाटेत आडवी उभी होती. डाव्या चाकाखाली भला मोठा दगड. चाक सरकू नये म्हणून असा दगड लावतात, त्याला उटी म्हणतात. आणि दगडाशेजारी ते काळे कोटवाले धापा टाकत उभे. छत्री ओढ्याच्या दिशेनं घरंगळत चाललेली.

"हितं शाळा कुठं हाय वो?" त्यांनी विचारलं.

"शाळा म्हणजे मीच," मी ढिगातून म्हणालो.

एव्हाना पोरं पोचली. आधी मला चाचपलं, मग झाडलं, मग एकानं छत्री आणून दिली. मी दोन पायांवर उभा राहिलेला बघेपर्यंत कुणी हसलं नाही. त्यानंतर मात्र सगळी जी हसली, ती हसली. फक्त ती ओचेवाली पोरगी चाकापाशी उकिडवी बसली होती. तिनं मान वर करून पाहुण्यांना विचारलं, "आवं आज्जा, उटी तुमी डाव्याच चाकाला का लावली? गाडी फिरली की."

"मग काय दोन दोन दगड उचलू व्हय गं? मला हात किती हायती?"

आता माझ्या डोक्यात पाचट होतं, धोतर फाटलं होतं, पण समोर पाठ आयता येऊन पडला होता. तो सोडवेना. "बरोबर विचारलंस," मी म्हणालो. "एकच चाक अडवलं, दुसरं पळतच राहिलं. मग काय झालं?"

"गाडी वळली!"

"म्हणजे जोरानं वस्तू हलते, जोरानं थांबते, आणखी काय होतं?"

"वळती!"

"आन् गुर्जी पडत्यात!" मागून कुणीतरी भर घातली.

पाहुणे छत्री टेकून उभ्या उभ्या सगळं ऐकत होते. मग ते धर्मशाळेत आले, पाणी प्यायले, पोरांना नावं विचारली. जाताना मला म्हणाले, "मास्तर, लगीन झालंय का?"

"जमत आलंय," मी तोऱ्यात म्हणालो. "सांगलीला."

"व्हय? झकास," ते म्हणाले आणि उतार उतरून गेले. ओढ्यापलीकडं त्यांचा गाडीवान बैलांना पाणी पाजत थांबला होता.

चार दिवसांनी मावशी स्वतःच आली. दारातूनच तिनं कपाळावर हात मारला. "अरे, मुलीचे वडील तुलाच बघायला आले होते! आणि तू त्यांना ढिगात काय भेटलास?"

मी घाईनं विचारलं, "मग नाही म्हणाले?"

"नाही म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत. मुलगी बघायला ये म्हणालेत. आता तिथं जाऊन शिकवू नकोस काही. विचारतील तेवढंच बोल."

सांगलीला त्यांच्या माजघरात सतरंजीवर मला बसवलं. घरभर हळदीचा वास. घरातली दहा माणसं माझ्याकडे अशी बघत होती की त्यांना माझ्याबद्दल सगळं ठाऊक आहे. ठाऊक होतंच. तिचे वडील मी येण्याआधीपासून तीच हकिगत सांगत होते आणि मी आल्यावरही थांबले नाहीत.

"अशी गाडी सुटलेली," ते म्हणाले, "वर मास्तर बसलेला, डोळं पांढरं झालेलं. म्या काय केलं? छत्री टाकली आन् ह्या एका हातानं चाक धरलं. धरलं ते धरलं! जाग्यावर थंड."

सगळ्यांनी त्यांच्या हाताकडे बघितलं. मीही बघितलं. मावशीनं मला कोपर मारलं.

मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली, ठेवल्या आणि आईशेजारी बसली. मावशीनं तिला रीतीप्रमाणे दोन प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. तेव्हा वडील मोठेपणानं म्हणाले, "पोरी, तुला काय इचारायचं आसंल तर तूबी इचार मास्तरला. मागनं म्हणशील, इचारू दिलं न्हाई."

हे नुसतं म्हणायचं असतं. मुलीनं मान खाली घालून नाही म्हणायचं असतं. हिनं मान वर केली.

"उतारावरची गाडी," ती म्हणाली, "वर माणूस बसलेला. एका माणसाला एका हातानं थांबवता येती का?"

तिचे वडील माझ्याकडे बघायला लागले. नजर साधी होती, पण भुवया वर गेल्या होत्या. होय म्हणालो तर लग्न पक्कं. नाही म्हणालो तर या माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच माणसांसमोर खोटं पाडलं. तिसरं स्थळ परत जाणार, हे मावशीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"मी तेव्हा डोळे मिटून घेतले होते," मी म्हणालो.

सगळे हसले. वडील सगळ्यांत मोठ्यानं. मी सुटलो असं वाटलं आणि पोह्यांना हात घातला.

"तुमी मिटलं हुतं," ती म्हणाली. "पोरांनी न्हवतं मिटलं. त्येंनी काय बघितलं?"

हातातला घास हातातच राहिला. वर्गातली ती पोर समोर आली. उद्या तिनं हाच प्रश्न विचारला तर? जमीन धरते, दगड धरतो, हे तिला मी शिकवलं, म्हणजे खरं तर तिनंच मला शिकवलं. आणि सांगलीत पोह्यांच्या बशीवर बसून मी ते सगळं उलटं करून यायचं? लग्न जाईल तर जाईल, असं मी मनात म्हणालो.

"पोरांनी," मी म्हणालो, "यांना विचारलं, की उटी डाव्याच चाकाला का लावली."

मावशीनं डोळे मिटले. आता तिची पाळी होती.

तिच्या वडलांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मुलीकडे. मग आपल्या हाताकडे. मग पटका काढून मांडीवर ठेवला आणि बायकोवर डाफरले, "हसतीस काय? दगूड काय आपसूक उडी मारून चाकाखाली गेला? ह्याच हातानं लावला न्हवं का? आन् दगूड केवढा, त्ये इचार मास्तरला!"

"केवढा होता हो?" सासूबाईंनी पदर तोंडाला लावत विचारलं. तेव्हा त्या सासूबाई नव्हत्या, पण व्हायला लागल्या होत्या.

"भला मोठा होता," मी म्हणालो. "दुसऱ्या दिवशी आमच्या तीन पोरांच्यानं तो हलला नाही." आणि हे अगदी खरं होतं, कारण तो आम्ही ढकलून बघितला होता.

"ऐका!" वडील म्हणाले. त्यांचा हात पुन्हा मांडीवर ऐटीत येऊन बसला. "माणूस मला भ्याला न्हाई आन् माजी लाजबी काढली न्हाई. आता आणा साखर. बघत काय बसलाय?"

साखर आली. वाटी माझ्यापुढं धरून ते जरा वाकले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, आदी सांगून ठेवतो. हिला असल्या शंका लय येत्यात. सकाळ न्हाई, संध्याकाळ न्हाई. उत्तरं द्यायला जमंल न्हवं?"

"जमेल," मी म्हणालो.

त्या वयात मला सगळंच जमेल असं वाटायचं.